टिकलीचा दिवा

उजेडाबद्दल नत्थूजी बोंदाडे यांना कोणी काही सांगायला गेलं, की ते आधी हसत आणि मग समोरच्यालाच शिकवायला बसत. नंदनवनच्या मेन रोडवर त्यांचं दुकान, आईच्या नावानं काढलेलं जयवंता मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल आणि परकर यांच्या रंगांत सगळी हयात गेलेली. बाईनं पिशवीतून साडी पुरती बाहेर काढलेली नसे, तोवर त्यांचा हात मागच्या थप्पीत बरोबर त्याच लालावर जाऊन पडलेला असे. हा गुण खरा होता आणि त्यांच्या बायकोनं, इंदुताईंनी, तो कधी नाकारला नव्हता. पण कौतुक फार झालं की माणसाच्या कानात दडे बसतात. बाहेरच्यांचं निदान अर्धं तरी ऐकू येतं, बायकोचं अजिबात येत नाही.

दुकानात त्यांनी डेलाइट ट्यूब लावून घेतल्या होत्या. साध्या ट्यूबखाली मोरपंखी रंग निळा भासतो आणि डाळिंबी थेट चॉकलेटी, हे नव्या गिऱ्हाइकाला सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू हा शोध त्यांनीच लावला होता. या ट्यूबवर त्यांचा फार जीव. मागे एकदा एक इलेक्ट्रिशियन दुरुस्तीच्या नावाखाली चांगली ट्यूब काढून तिच्या जागी भलतीच लावून गेला, तेव्हापासून प्रत्येक ट्यूबच्या टोकाला ते स्वतः लाल नेलपॉलिशचा ठिपका लावत. "आपला माल आपल्याले ओळखता आला पाह्यजे," असं म्हणत गल्ल्यातली ती छोटी बाटली ते कोणालाही दाखवत.

आणि एवढ्या लाडक्या ट्यूब असूनही कापडाला कात्री लावायच्या आधी ते गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर नेत. दुकान पूर्वेच्या तोंडाचं, पायरीवर सकाळभर ऊन. तिथं साडी आणि ब्लाउजपीस एकमेकांशेजारी धरून ते म्हणत, आता पाहा आणि मग हो म्हणा. नंदनवनातल्या निम्म्या बायकांची लग्नं त्या पायरीवर ठरलेल्या रंगांत लागली होती.

टिकली त्यांच्या घरी आली ती मयुरामुळे. मयुरा त्यांची एकुलती एक लेक. कॉलेजात असताना तिनं हा कॉकाटील, पोपटाच्या जातीचं छोटं पाखरू, आणला: राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा आणि दोन्ही गालांवर गोल गोल केशरी ठिपके, म्हणून टिकली. पाखरू घरात घाण करतं, आपल्याला जमायचं नाही, असं इंदुताईंनी तेव्हा बजावून सांगितलं होतं. मग मयुराला पुण्यात नोकरी लागली, भाड्याच्या खोलीत पाखरू चालत नव्हतं, आणि चार दिवसांसाठी म्हणून मागे राहिलेला पिंजरा कायमचा राहिला. आता इंदुताई तांदूळ निवडायला बसल्या की टिकली त्यांच्या खांद्यावर असायची. कुकरची शिट्टी झाली की ती आपली शिट्टी त्यात मिसळायची, आणि इंदुताई दुसऱ्या खोलीत गेल्या तर त्या परत येईपर्यंत हाका मारायची. त्या घरात इंदुताईंना हाक मारणारं आणि त्यांची वाट पाहणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं, हे त्या कोणाला बोलून दाखवत नसत, पण होतं ते असं होतं.

नत्थूजींनाही टिकलीचं कौतुक होतंच. तिच्या गालाचा केशरी रंग आपल्या अख्ख्या दुकानात नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मग घराच्या बाजूचा प्लॉट विकला गेला आणि तिथं चार मजली इमारत उभी राहिली. भिंतीला भिंत. इंदुताईंच्या गॅलरीत सकाळी येणारं ऊन गेलं ते गेलंच. भर दिवसा स्वयंपाकघरात दिवा लावावा लागायला लागला. मयुराला फोनवर हे कळलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न टिकलीचा विचारला. पाखराच्या हाडांना ऊन लागतं, नुसता उजेड नाही, आणि काचेतून आलेलं ऊनही चालत नाही, असं ती म्हणाली. ऊन नसेल तर त्यासाठी खास दिवा मिळतो.

तिथून पुढे माय-लेकींचं ते एक खूळच झालं. इंदुताई दुपारची कामं आटोपून चष्मा लावत आणि मयुरानं पाठवलेलं मोबाइलवर वाचत बसत. काही कळलं नाही तर तिलाच विचारत, पुन्हा वाचत. पाळीव पाली-सापांसाठीचा दिवा घ्यायचा नाही, तो पाखराच्या डोळ्यांना जाळतो. पाखराच्या डोळ्याला आपल्याला न दिसणारी लुकलुकही दिसते, म्हणून लुकलुकणारा नको. दिवा पिंजऱ्याच्या वर हवा, बाजूला नको, कारण सूर्यही डोक्यावर असतो. मध्ये काच नको, प्लास्टिक नको. दिवा संध्याकाळी बंद करायचा. आणि वर्षानं बदलायचा, जळत असला तरी बदलायचा, कारण पाखराला त्यातलं जे लागतं ते आधी संपतं आणि आपल्याला दिसणारा उजेड मात्र तसाच राहतो. हे वाचून इंदुताई थक्क झाल्या होत्या. चालू दिसणारा दिवाही मेलेला असू शकतो, हे त्यांनी शेजारच्या ताराबाईंनासुद्धा सांगितलं.

शेवटी त्यांनी एक दिवा पसंत केला. नाव, आकार, सगळं पक्कं करून. लग्न होऊन या घरात आल्यापासून फ्रिज, पडदे, भिंतींचा रंग, एवढंच काय अंगावरचा प्रत्येक ब्लाउज नत्थूजींच्या पसंतीचा होता. बायकोला रंगातलं काय कळतं, हा त्यावरचा विनोद त्या किती वर्षं ऐकत होत्या. हा दिवा तेवढा त्यांनी स्वतः समजून घेऊन, स्वतः निवडलेला होता.

मयुरा तिकडूनच मागवणार होती. नत्थूजींनी मोडता घातला. कुरिअरनं काचेची वस्तू मागवतात का, रस्त्यात फुटून येईल, बाजारात आपली ओळख आहे, मी आणतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते एक लांबोडकी ट्यूब, पट्टी आणि वर बसवायची पत्र्याची टोपी घेऊन आले आणि स्टुलावर चढून सगळं पिंजऱ्याच्या वर भिंतीला ठोकून मोकळे झाले. बटण दाबलं. गॅलरी लख्ख झाली.

"मयुरानं सांगतला तोच आहे न?" इंदुताईंनी खालून विचारलं.

"हो वं, तोच आहे," नत्थूजी म्हणाले. "तू मले आता लाईट शिकवून राहिली का?"

नवी वस्तू घरात आली म्हणून इंदुताईंनी देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा आणला आणि पत्र्याच्या टोपीला बोट टेकवलं.

तेव्हापासून रोज सकाळी दिवा लावायचा आणि दिवेलागणीला बंद करायचा, हे त्यांनी पूजेसारखं सांभाळलं. एकही दिवस चुकला नाही. माहेरी नरखेडला लग्नाला जायचं होतं तर ताराबाईंच्या हाती किल्ली देऊन गेल्या. अंगात चुना जावा म्हणून पाखरू चोचीनं खरवडतं तो समुद्रफेनाचा तुकडा पिंजऱ्यात कधी संपू दिला नाही. मेथी निवडायला त्या दिव्याखाली बसत आणि टिकलीला म्हणत, घे बाई, ऊन घे.

फेब्रुवारीत, लग्नसराई ऐन भरात असताना, एका सकाळी टिकलीनं हाक मारली नाही.

इंदुताईंनी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं तर ती तळाशी बसलेली. पिसं फुगवून, पाय फाकवून, डोळे अर्धे मिटलेले. शेपूट खालवर होत होतं आणि प्रत्येक वेळी ती अंगाला ताण देत होती. नत्थूजी दुकान उघडायला निघून गेले होते, त्यांना फोन केला तर उचलला नाही. मग त्यांनी पिंजरा शालीत गुंडाळला, गरम पाण्याची बाटली फडक्यात बांधून आत ठेवली आणि ई-रिक्षा धरली. सगळ्या रस्त्यानं त्या शालीत तोंड घालून शिट्टी वाजवत होत्या. उत्तर येत नव्हतं.

पाखरांच्या डॉक्टर प्रीती मेश्राम यांच्याकडे त्या आधी एकदाच गेल्या होत्या, टिकलीची नखं कापायला. डॉक्टरांनी तिला हातात घेतलं, पोटाखाली हलकंच बोट फिरवलं आणि सांगितलं की अंडं अडकलं आहे. नर नसला तरी मादी अंडी घालते, ते काही नवल नाही, पण हिच्या अंगात ते बाहेर ढकलायला जोर नाही. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, उबेच्या पेटीत ठेवलं. जगेल का, असं इंदुताईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत सुटली तर जगेल, खोटं सांगणार नाही.

मग त्यांनी खाण्याचं विचारलं, समुद्रफेनाचं विचारलं आणि शेवटी उन्हाचं विचारलं. इंदुताईंनी दिव्याचं सगळं सांगितलं. कोणता, किती उंचीवर, किती वेळ. सांगताना त्या काळजीतही थोडा अभिमान आवाजात आलाच.

"काकू, दिवा हाच असेल तर हिचं असं होणं जरा कठीण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मला तो दिवा पाहायचा आहे. घरून आणता का? नुसता पांढराशुभ्र उजेड असेल ना, तर त्यानं उलटंच होतं. इतका वेळ उजेड मिळाला की पाखराला वाटतं, अंडी घालायचे दिवस आले. ती घालायला लागते. आणि कवच करायला अंगात जे लागतं, ते त्या उजेडातून मिळतच नाही."

एकट्या दिव्याचाच दोष असेल असं नाही, असंही त्यांनी पुढे सांगितलं. इंदुताईंनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. त्या घरी आल्या, स्टूल ओढलं आणि वर चढल्या. पत्र्याच्या टोपीमुळे खालून ट्यूब कधी नीट दिसलीच नव्हती. हात घालून ती फिरवली, सोडवली आणि गॅलरीच्या कठड्याशी नेऊन पाहिली.

टोकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

क्षणभर त्यांना कळेना की आपण काय पाहतो आहोत. मग सगळं एकदम कळलं. बाजार नाही, ओळख नाही, काही नाही. दुकानातली ट्यूब उचलून आणलेली. विचारलं तेव्हा तोंडावर हो म्हटलेलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा राग आपल्या अंगात कुठं होता, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. सासरच्या माणसांनी, दिरांनी, नणदांनी कितीदा म्हटलं होतं, इंदूला राग येतच नाही. येत नव्हता असं नाही. त्या गिळत होत्या, आणि गिळलेलं सगळं आज त्या एका ट्यूबपाशी येऊन वर आलं होतं. पैशापायी केलं असतं तरी त्यांनी समजून घेतलं असतं. पण तेही नव्हतं. इंदूला काय कळतं, एवढंच कारण होतं. माय-लेकी दुपार-दुपार बसून जे शिकल्या ते त्या माणसानं ऐकूनसुद्धा घेतलं नव्हतं.

त्यांनी आरशात पाहिलं नाही की पदर नीट केला नाही. ट्यूब काठीसारखी हातात धरून त्या खाली उतरल्या आणि भर रस्त्यानं चालत दुकानाकडे निघाल्या. लोक बाजूला होत होते.

दुकानात ही गर्दी. काउंटरवर सिंधूताई कापड मोजत होत्या, दुकानात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या बाई, मनानं सरळ. इंदुताईंच्या हातातली ट्यूब पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, गेली का वहिनी ही, पाखराचं ऊन विझलं वाटते. मग इंदुताईंचा चेहरा पाहून हसू मावळलं, पण पुढचं तोंडातून निघून गेलंच: भाऊजी तेव्हा सांगत होते न साऱ्यांना, घरी दोघींच्या डोक्यात उन्हाचं खूळ आहे, मी इथलीच एक नेऊन लावली, कोणाले समजलंबी नाही. केवढे हसलो होतो आम्ही.

म्हणजे अख्ख्या दुकानाला ठाऊक होतं. रोज सकाळी त्या ज्या दिव्याला हात जोडल्यासारखं लावत होत्या, त्याची इथं गंमत झाली होती. अस्तर घ्यायला आलेल्या बायकांनासुद्धा ती गंमत माहीत असेल. इंदुताईंचे कान गरम झाले.

"कुठं आहेत?" एवढंच त्यांनी विचारलं. सिंधूताईंनी पायरीकडे बोट केलं.

नत्थूजी बाहेर उन्हात उभे होते. एका बाईच्या हातात राणी रंगाची साडी आणि त्यांच्या हातात दोन ब्लाउजपीस. आतल्या उजेडात दोन्ही सारखेच दिसतात ताई, ते सांगत होते, पण इथं पाहा, हा जरा जांभळ्यावर जातो की नाही.

इंदुताई त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि ट्यूबचं ठिपक्याचं टोक त्यांनी नत्थूजींच्या डोळ्यांपुढे धरलं.

"तुम्हाले विचारलं होतं, तोच आहे न. तुम्ही हो म्हटलं."

नत्थूजींनी ठिपका पाहिला, बायकोकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. घरी बोलू, गिऱ्हाईक उभं आहे, असं काहीतरी ते पुटपुटले.

"टिकली डॉक्टरकडे मरून राहिली. इथंच बोला."

आता त्या साडीवाल्या बाईनंही मान वर केली होती. आतून दोघीतिघी दारात आल्या. नत्थूजींना सवयीचं हसू आठवलं आणि ते त्यांनी तोंडावर आणून पाहिलं.

"अवं, फरक काय आहे? ही डेलाइट आहे. डेलाइट म्हणजे ऊनच. पाखराले काय कळते त्यातलं?"

"डेलाइट म्हणजे ऊनच," इंदुताई सावकाश म्हणाल्या. "मंग या बाईले बाहेर काहून आणलं?"

नत्थूजींच्या हातातले दोन तुकडे तसेच राहिले.

"अंदर एवढ्या ट्यूबा आहेत तुमच्या. सगळ्या ऊनच आहेत न? मंग कापड फाडायच्या आधी बाहेर कायले येता? वीतभर कापडासाठी तुमचा त्या ट्यूबवर भरवसा नाही. उन्हात आणून पाहता. आन् माह्या टिकलीले सहा महिने त्याच ट्यूबखाली ठेवलं. मी रोज तिले म्हणत होती, घे बाई, ऊन घे. तुम्ही ऐकत होते. चहा पीत पीत ऐकत होते."

साडीवाल्या बाईनं पदर सारखा केला. तीस-पस्तीस वर्षं त्या पायरीवर नत्थूजींनी लोकांना खरा रंग दाखवला होता, आणि आज त्याच पायरीवर त्यांचाच रंग पाहायला माणसं जमली होती. इंदुताईंना त्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्यांना फक्त टिकलीचं फाकवलेल्या पायांचं ते बसणं दिसत होतं आणि राग आणखी चढत होता.

"हा घ्या तुमचा माल," त्या म्हणाल्या. "खूण पाहून घ्या, तुमचाच आहे का."

ट्यूब त्यांच्या हातात देऊन त्या परत डॉक्टरांकडे गेल्या, दिवा म्हणजे दुकानातली ट्यूबच होती एवढं सांगितलं आणि पेटीच्या काचेशी बसून राहिल्या.

ऊन कलायच्या वेळी अंडं सुटलं. कवच असं नव्हतंच, नुसता पापुद्रा, बोट लावताच दबणारा. डॉक्टरांनी ते वाटीत ठेवून दाखवलं. टिकली थकून निपचित पडली होती, पण इंदुताईंनी हलकेच शिट्टी वाजवली तेव्हा तिचा तुरा किंचित उभा राहिला. तेव्हा कुठं इंदुताई रडल्या. डॉक्टरांनी औषधं दिली, दाणा कमी करून पालेभाजी वाढवायला सांगितली आणि स्पष्ट बजावलं की पुन्हा असं झालं तर दर वेळी वाचवता येईल असं समजू नका. तिचा दिवस लहान ठेवा, संध्याकाळी लवकर अंधार करा. आणि रोज सकाळी खरं ऊन द्या.

खरं ऊन घरात नव्हतं. ते कुठं होतं, हे इंदुताईंना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी टिकली घरी आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजींनी दुकानाचं शटर वर केलं, तेव्हा पायरीवर पिंजरा होता आणि शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर इंदुताई. बरोबर त्या जागी, जिथं गिऱ्हाइकाला उभं करून रंग दाखवायचा असतो. एका बाजूला फडकं टाकून त्यांनी टिकलीला सावलीही करून दिली होती, मधूनमधून पाणी शिंपडत होत्या. अर्धी सकाळ त्या तिथून हलल्या नाहीत. बायकांना वळसा घालून आत जावं लागलं. रंग पाहायला बाहेर आलेल्यांना पिंजऱ्याच्या बाजूला उभं राहावं लागलं, आणि जी ती विचारत होती की पाखरू इथं कसं. इंदुताई प्रत्येकीला सांगत होत्या. सगळं, पहिल्यापासून. न चिडता, न रडता, नरखेडच्या संत्र्यांचा भाव सांगावा तसं. चौथ्या दिवशी कोणाला विचारावंही लागत नव्हतं. मेन रोडवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

घरात त्या स्वयंपाक करत, ताट मात्र वाढत नसत. मयुरा फोनवर बाबांशी भांडायला निघाली होती, तिला त्यांनी सांगितलं, तू मधात पडू नको.

नत्थूजींनी दोनदा विषय काढून पाहिला. एकदा म्हणाले, झालं गेलं. त्यावर इंदुताईंनी भांडी जरा जोरात ठेवली. दुसऱ्यांदा दुकानातून पायरीवर येऊन हळूच म्हणाले की लोक हसून राहिले, आता बस कर.

"हसू द्या," इंदुताई म्हणाल्या. "माह्यावर सहा महिने हसले. तुमच्यावर चार दिवस हसतील."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी नत्थूजी अवेळी घरी आले. हातात खोकं होतं, कुरिअरची चिकटपट्टी अजून तशीच. मयुराला विचारून मागवलं होतं. रस्त्यात फुटलं नव्हतं. ते टेबलावर ठेवून ते म्हणाले, "तोच आहे," आणि म्हणता म्हणता आपणच थांबले. हे शब्द या घरात आधी एकदा वापरून झाले होते, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. त्यांनी खोकं पुन्हा उचललं.

"चाल, खाली उन्हात चाल," ते खाली मान घालून म्हणाले. "तूच वाचून पाहा."

इंदुताईंनी चष्मा घेतला. खाली फाटकापाशी, भर उन्हात, नत्थूजींनी खोकं धरलं आणि इंदुताईंनी चारही बाजू वाचल्या. वाचायला जेवढा वेळ लागायचा त्यापेक्षा जरा जास्तच घेतला. इस्त्रीवाला पाहत होता, ताराबाई गॅलरीतून पाहत होत्या. नत्थूजींच्या टकलावर घाम आला. दिवा अगदी बरोबर होता. त्यांनी निवडलेलाच. आणि तरी राग गेला नव्हता, हे इंदुताईंना वर येताना जिन्यात कळलं. दिवा बदलता येतो, त्याला एक दुपार पुरते. पुढच्या वेळी हा माणूस कशालाही हो म्हणाला की आपण काय करणार, याला कुठला दिवा मिळत नव्हता.

नत्थूजींनी जुनी पट्टी काढली, पत्र्याची टोपी काढली, नवा दिवा बसवला. उंची त्यांनी इंदुताईंना विचारली. वर की खाली, तेही विचारलं. बटण दाबायला त्यांनाच बोलावलं. इंदुताईंनी दिवा लावून पाहिला, बंद केला आणि आत गेल्या. कुंकवाचा करंडा आणायला गेल्या असतील, असं नत्थूजींना वाटलं. ते स्टूल धरून थांबले.

त्या परत आल्या तेव्हा हातात मयुराची जुनी नेलपॉलिशची बाटली होती, गडद निळी. स्टुलावर चढून त्यांनी दिव्याच्या टोकाला एक ठिपका लावला आणि तो वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली.

नत्थूजी खालून पाहत होते. "हे कायले?" त्यांनी विचारलं.

"मागं एक जण बदलून गेला होता," इंदुताई म्हणाल्या. "तेव्हापासून."

नत्थूजींनी स्टूल धरून ठेवलं होतं. त्या उतरेपर्यंत ते त्यांनी तसंच धरून ठेवलं.